नव्या डेस्कटॉपची रॅम : दोष कोणाचा आणि निर्णय कसा?

सुटे भाग निवडून, ते स्वतः जोडून किंवा दुकानदाराकडून जोडवून घेऊन डेस्कटॉप संगणक उभा करण्याची रीत आपल्याकडे आता चांगली रुळली असून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड, प्रोसेसर, एसएमपीएस आणि कॅबिनेट घेऊन घरी येणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणी निव्वळ हौशी म्हणून वेगळे काढीत नाही. तथापि असा संगणक पहिल्याच दिवशी बिनतक्रार चालेल, अशी हमी कोणताही एक निर्माता देत नाही. प्रत्येकाची हमी आपापल्या भागापुरती असते, आणि त्या भागांच्या संयोगाची जबाबदारी कोणीच स्पष्टपणे पत्करलेली नसल्यामुळे ती अखेरीस जोडणाऱ्याच्या माथी येते. या संयोगात ज्याच्याकडे संशय सर्वांआधी वळतो तो भाग म्हणजे रॅम. हा संशय कितपत साधार आहे, त्याची शहानिशा करण्याच्या कोणत्या पद्धती रूढ झाल्या आहेत आणि जाणकारांत अद्याप कोणत्या बाबतींत मतैक्य नाही, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पूर्वपीठिका

आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या डायनॅमिक रॅमची मूळ कल्पना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांची. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यांच्याच घरात एक बिट साठविण्याच्या त्यांच्या योजनेला १९६८ साली पेटंट मिळाले, आणि १९७० साली इंटेलची ११०३ ही चिप आल्यावर डायनॅमिक रॅम ही व्यापारी वस्तू बनली. या रचनेत स्वस्ताई आणि दाटी हे दोन गुण आहेत, पण त्यांच्या जोडीला एक जन्मजात उणीवही आहे. तळाला बारीक छिद्र असलेल्या घागरीप्रमाणे कपॅसिटरमधील विद्युत्भार सतत गळत असतो, आणि म्हणून सामान्य तपमानात दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. ज्या वस्तूचे अस्तित्वच असे क्षणोक्षणीच्या पुनर्भरणावर अवलंबून आहे, तिच्याकडून क्वचित चूक होणे हे आश्चर्य नव्हे. चुका इतक्या विरळा होतात, हेच खरे तर विशेष होय.

चुकीचे कारण नेहमी चिपच्या घडणीतच असते असेही नाही, हे १९७८ साली इंटेलमधील टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिले. चिपच्या वेष्टनातील युरेनियम व थोरियम यांच्या अत्यल्प अंशांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवू शकतात, आणि अशा चुकीनंतर चिप मात्र पूर्ववत धडधाकट राहते. तेव्हापासून कायमचा दोष आणि क्षणिक दोष हा भेद या विषयाच्या परिभाषेत स्थिर झाला.

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये दर आठ बिटांमागे एक नववा पॅरिटी बिट ठेवलेला असे, आणि हिशेब जुळला नाही तर यंत्र संदेश देऊन थांबत असे. चुकीच्या आकड्यावर काम पुढे रेटण्यापेक्षा काम बंद पडलेले बरे, असे त्यामागचे धोरण होते. १९९० नंतरच्या दशकात किंमत उतरविण्याच्या ओघात घरगुती संगणकांतून हा नववा बिट नाहीसा झाला. परिणामी आजच्या सामान्य डेस्कटॉपमध्ये रॅम चुकली तर ती चुकली असे सांगणारी यंत्रणाच उरलेली नाही. पुढे येणाऱ्या बहुतेक वादांचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

दुसरा बदल जागेचा झाला. रॅमवर नियंत्रण ठेवणारे मंडल, म्हणजे मेमरी कंट्रोलर, पूर्वी मदरबोर्डवरील चिपमध्ये असे. एएमडीने २००३ पासून आणि इंटेलने २००८ पासून डेस्कटॉपसाठी ते प्रोसेसरच्या पोटात नेले. वेग वाढला, परंतु रॅमच्या नावाने होणाऱ्या तक्रारीत आता रॅमची स्टिक, मदरबोर्ड आणि प्रोसेसर असे तीन पक्ष समान हक्काने दाखल झाले. २०२० च्या जुलैमध्ये प्रसिद्ध झालेल्या डीडीआर५ या मानकाने व्होल्टेजचे नियमनही मदरबोर्डवरून खुद्द स्टिकवर आणले, त्यामुळे दोषाची आणखी एक संभाव्य जागा निर्माण झाली.

२. तक्रारींचे स्वरूप

नव्या संगणकाच्या बाबतीत येणाऱ्या तक्रारी स्थूलमानाने चार प्रकारांत मोडतात. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही आणि मदरबोर्डवरील डीरॅम असे लिहिलेला छोटा दिवा लागून राहतो, हा पहिला प्रकार. लावलेल्या रॅमपेक्षा कमी रॅम दिसते, हा दुसरा. विकत घेतलेल्या वेगापेक्षा कमी वेग दिसतो, हा तिसरा. आणि सर्व काही ठीक दिसत असता मध्येच निळा पडदा येतो, मोठी फाइल उलगडताना ती सदोष असल्याचे कळते किंवा विंडोज चढविताना दर वेळी निराळ्याच टप्प्यावर काम अडते, हा चौथा व सर्वांत तापदायक प्रकार.

यांपैकी तिसरा प्रकार बहुतांशी गैरसमजाचा असतो. डीडीआर रॅम घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती देते. म्हणून ३२०० म्हणून घेतलेली रॅम काही प्रोग्रॅममध्ये १६०० दाखविली जाते, आणि त्यात तफावत काहीच नसते. तीच रॅम २१३३ किंवा २४०० वर दिसली, तर छापील वेगाची नोंद असलेली तिची प्रोफाइल बायोसमध्ये चालू केलेली नाही एवढाच अर्थ घ्यावयाचा. दुसऱ्या प्रकारातही रॅमचा काही हिस्सा प्रोसेसरमधील ग्राफिक्सने स्वतःसाठी राखून ठेवलेला असणे, हा एक निरुपद्रवी खुलासा संभवतो. मात्र बरोबर निम्मी रॅम गायब असेल, तर प्रकरण पुढील तपासाला योग्य समजावे. पहिला आणि चौथा हे प्रकार खऱ्या वादाचे असून, त्यांच्या कारणांविषयी तीन पक्ष मांडले जातात.

३. पहिला पक्ष : दोष जोडणीचा

दुरुस्तीच्या व्यवसायात ज्यांचे आयुष्य गेले ते बहुधा या पक्षाचे असतात. त्यांचे म्हणणे असे की, नव्या संगणकात रॅम मुळातच नासकी निघण्यापेक्षा ती नीट न बसण्याचा संभव फार अधिक आहे. अलीकडच्या अनेक मदरबोर्डांवर स्लॉटच्या एकाच टोकाला खटका असतो. तो वाजला तरी दुसरे टोक अर्धवट वर राहू शकते, आणि तेवढ्याने डिस्प्ले अडतो. चार स्लॉट असतील तेव्हा दोन स्टिक प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावण्याची सूचना मॅन्युअलमध्ये असते. ती केवळ प्रघाताची नव्हे. बहुसंख्य मदरबोर्डांत एकाच वाहिनीची, म्हणजे चॅनेलची, तार जवळच्या स्लॉटवरून दूरच्या स्लॉटपर्यंत जाते. जवळचा स्लॉट भरून दूरचा मोकळा ठेवला, तर तारेचे उघडे टोक उरते, तेथून संकेत परावर्तित होतो आणि मूळ संकेतात मिसळून तो गढूळ करतो.

याच पक्षाचा आणखी एक महत्त्वाचा मुद्दा प्रोसेसरच्या बैठकीसंबंधी आहे. ज्या सॉकेटमध्ये सुया मदरबोर्डवर असतात तेथे एखादी सुई वाकली, किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूने अधिक आवळले गेले, तर एक संपूर्ण वाहिनी नाहीशी होऊ शकते. बरोबर निम्मी रॅम दिसण्याचे कारण पुष्कळदा येथे सापडते, आणि गिऱ्हाईक मात्र रॅम बदलून मागत राहते. डीडीआर५ च्या यंत्रांत पहिल्यांदा वीज दिल्यावर कंट्रोलर रॅमशी आपली वेळापत्रके जुळवून घेतो, आणि या ट्रेनिंगला कधी कधी कित्येक मिनिटे लागतात. तेवढा काळ पडदा काळाच राहत असल्यामुळे, घाबरून वीज बंद करणारा मनुष्य हीच प्रक्रिया पुनःपुन्हा पहिल्यापासून सुरू करवीत असतो.

आपल्याकडील कारागिरांत रॅमचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासून स्टिक परत लावण्याची जी पद्धत आहे, तिच्याविषयी या पक्षातच दुमत आहे. समर्थकांच्या मते दमट हवेत संपर्कांवर सूक्ष्म थर बसतो आणि घासण्याने तो जातो, व अनुभवही तसाच येतो. विरोधकांचे म्हणणे असे की, सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असून रबराने तो झिजतो, रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो, आणि गुण येतो तो घासण्याचा नसून स्टिक काढून पुन्हा नीट बसविण्याचा असतो. नव्या, वेष्टनातून नुकत्याच काढलेल्या स्टिकच्या बाबतीत दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. पुसणे आवश्यकच असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सूत न सोडणारे कापड यांना कोणाचीच हरकत नाही.

४. दुसरा पक्ष : दोष वेगाचा

प्रत्येक स्टिकवर एक लहानशी चिप असते आणि तीत त्या स्टिकची कुळकथा, म्हणजे क्षमता, मान्य वेग व वेळांचे आकडे, नोंदलेली असते. मानकाप्रमाणे असलेल्या या नोंदींशेजारीच, इंटेलच्या एक्सएमपी या २००७ पासूनच्या योजनेनुसार किंवा एएमडीच्या एक्सपो या २०२२ मधील योजनेनुसार, अधिक वेगाची दुसरी नोंद, म्हणजेच प्रोफाइल, निर्माता करतो, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा या दुसऱ्या नोंदीचा असतो. वाद येथे सुरू होतो.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, चौथ्या प्रकारच्या तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारी ही प्रोफाइल बंद करताच मिटतात. तेव्हा त्यांना रॅमचा दोष म्हणणे अन्यायाचे आहे. ६००० या वेगाने चालणाऱ्या रॅमच्या प्रत्येक तारेवर सेकंदाला सहाशे कोटी बिट धावतात. एवढ्या घाईत प्रत्येक प्रोसेसरमधील कंट्रोलर सारखाच समर्थ निघेल, अशी अपेक्षा करता येत नाही. एएमडीने रायझन ७००० मालिकेसाठी दोन स्टिक असता ५२०० आणि चार स्टिक असता केवळ ३६०० हा वेग अधिकृतपणे मान्य केला आहे. म्हणजे ज्याने आधी दोन आणि मग आणखी दोन स्टिक घेतल्या, त्याने क्षमतेबरोबर अडचणही विकत घेतली. एकाच नावाच्या दोन संचांतील चिपा निरनिराळ्या कारखान्यांच्या निघू शकतात, हे ध्यानी घेतल्यास चार स्टिक हव्या असणाऱ्याने त्या एकाच संचाच्या घ्याव्यात, या सल्ल्याचे मर्म कळते.

यावर प्रतिपक्षाचे उत्तरही तितकेच वजनदार आहे. खोक्यावर जो वेग छापला, ज्याची किंमत वसूल केली आणि जो एका कळीसरशी चालू होईल असे सांगितले, तो न मिळाल्यास गिऱ्हाइकाने तो आपला हट्ट का मानावा? प्रोसेसरच्या हमीपत्रातील कलमांप्रमाणे मान्य वेगापलीकडे चालविणे हे ओव्हरक्लॉकिंग ठरते आणि त्याने हमीला बाध येऊ शकतो. परंतु जाहिरातीत तोच वेग सर्वसामान्य गुण म्हणून मिरविला जातो. २०२३ च्या वसंतात रायझन ७००० च्या काही प्रोसेसरांचे नुकसान झाल्याची प्रकरणे पुढे आली. त्यांत एक्सपो चालू करताच काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या एका विभागाला अवाजवी व्होल्टेज देत असल्याचे निष्पन्न झाले, आणि एएमडीला नव्या बायोसद्वारे त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. एका कळीत किती अधिकार सामावलेला असतो, याचा हा बोलका दाखला होय.

५. तिसरा पक्ष : दोष वस्तूचाच

रॅम खरोखर सदोष असू शकते आणि सर्व खापर जोडणाऱ्यावर फोडणे योग्य नाही, या पक्षाला मोठ्या प्रमाणावरील पाहण्यांचा आधार आहे. बियांका श्रोडर, एदुआर्दो पिन्हेरो आणि वुल्फ-डिट्रिश वेबर यांनी गूगलच्या सर्व्हरांवरील दोन वर्षांहून अधिक काळच्या नोंदी तपासून २००९ साली असे दाखविले की, दर वर्षी ८ टक्क्यांहून अधिक स्टिकमध्ये किमान एक चूक नोंदली जाते, आणि या चुकांत क्षणिक दोषांपेक्षा कायमच्या दोषांचा वाटा मोठा असतो. त्याच पाहणीत तपमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा फारच थोडा दिसला. ग्राफिक्स कार्डाच्या उष्णतेने रॅम चुकते, असे सांगणाऱ्या हौशी मंडळींच्या अनुभवाशी हे वरवर पाहता विसंगत आहे. पण ते सर्व्हर मानक वेगाने चालणारे होते, आणि हौशी मंडळी मात्र वेळांचे आकडे कमीत कमी मर्यादेवर आणून ठेवतात, हा फरक लक्षात घेतला म्हणजे दोन्ही निरीक्षणे एकत्र नांदू शकतात.

घरगुती संगणकांविषयीची महत्त्वाची पाहणी मायक्रोसॉफ्टमधील नाइटिंगेल, डूसर आणि ऑर्गोव्हन यांनी २०११ साली सुमारे दहा लाख यंत्रांच्या नोंदींवरून केली. तिचे दोन निष्कर्ष येथे प्रस्तुत आहेत. पहिला असा की, एकदा बिघाड झालेल्या यंत्रात तोच बिघाड पुन्हा होण्याचा संभव कित्येक पटींनी वाढतो; सबब पहिला निळा पडदा योगायोग म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे. दुसरा असा की, ओव्हरक्लॉक केलेली यंत्रे अधिक वेळा कोसळतात आणि मुद्दाम संथ चालविलेली यंत्रे कमी वेळा. म्हणजे तिसऱ्या पक्षाला आधार देणारी ही पाहणी दुसऱ्या पक्षालाही पुरावा पुरविते. शिवाय पॅरिटीच्या अभावी, त्या संशोधकांना विंडोजच्या गाभ्यातील न बदलणाऱ्या थोड्याशा भागातील उलटलेले बिटच ओळखता आले. उर्वरित रॅममधील चुका त्यांच्या मोजणीत येणे शक्यच नव्हते.

६. पुराव्याचा प्रश्न

या तीन पक्षांतून निवाडा करावयाचा तो चाचणीने. ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ साली तयार केलेला मेमटेस्ट८६ आणि त्यातूनच पुढे स्वतंत्रपणे वाढलेला मेमटेस्ट८६+ हे दोन प्रोग्रॅम, विंडोज चालू न करता पेनड्राइव्हवरून सुरू होतात आणि जवळजवळ संपूर्ण रॅमवर ठरावीक व यादृच्छिक आकृतिबंध लिहून परत वाचून पाहतात. विंडोजमध्ये अंगभूत असलेली मेमरी डायग्नोस्टिक सोयीची आहे, पण जाणकार तिच्या अनुकूल निकालावर फारसे विसंबत नाहीत. प्राइम९५ सारखे प्रोग्रॅम प्रोसेसर आणि रॅम या दोहोंवर एकदम भार टाकीत असल्यामुळे, शांत चाचणीत न दिसणारे दोष ते उघडे करतात; मात्र दोष कोणाचा, हे ते सांगत नाहीत.

एका बाबतीत सर्वांचे एकमत आहे. चाचणीत एक जरी चूक निघाली तरी संयोग नापास समजावा. चार कोटी वेळा बरोबर आणि एकदाच चूक, ही सबब येथे चालत नाही. उलट चाचणी निर्वेध पार पडली म्हणजे रॅम निर्दोष ठरली काय, याविषयी मतभेद आहेत. चार फेऱ्या पुरेत असे काही मानतात, रात्रभर चालू द्यावी असे दुसरे सांगतात, आणि निरनिराळ्या तत्त्वांवरील दोन प्रोग्रॅम चालविल्याशिवाय तिसऱ्यांचे समाधान होत नाही. तर्कदृष्ट्या पाहता चाचणी दोषाचे अस्तित्व सिद्ध करू शकते, अभाव नव्हे. म्हणून हा वाद वेळेच्या मोजमापाचा नसून मालकाला किती अनिश्चितता सोसेल याचा आहे.

दोष कोणाचा हे ठरविण्यासाठी अदलाबदलीची पद्धत सर्वमान्य आहे. एका वेळी एकच स्टिक, एकाच स्लॉटमध्ये, मानक वेगावर तपासावी. चूक स्टिकबरोबर फिरली तर दोष स्टिकचा. स्लॉटपाशीच राहिली तर मदरबोर्डचा किंवा प्रोसेसरचा. प्रत्येक स्टिक एकेकटी निर्दोष आणि एकत्र मात्र सदोष, असे दिसले तर दोष संयोगाचा. अडचण एवढीच की, पूर्ण अदलाबदलीला दुसरा प्रोसेसर व दुसरा मदरबोर्ड लागतो आणि तो घरी क्वचितच असतो. तेथे दुकानदाराचे साहाय्य अपरिहार्य होते.

संदेशात रॅमचे नाव आले म्हणून दोष रॅमचाच, हे गृहीतही तपासून घ्यावे लागते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांवर खेळ सुरू करताना व्हिडिओ मेमरी अपुरी असल्याचा संदेश येऊन खेळ बंद पडे; लोकांनी ग्राफिक्स कार्डे आणि रॅम बदलून पाहिली, आणि २०२४ साली उघड झाले ते असे की, वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेजमुळे प्रोसेसरच जीर्ण होत होता. इंटेलने नवा मायक्रोकोड दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. अर्थात हमी वाढली तरी, तोवर विनाकारण बदललेल्या रॅमचा खर्च गिऱ्हाइकाच्याच अंगावर राहिला.

७. चूक सांगणारी रॅम

रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली मांडलेल्या संकेतपद्धतीवर आधारलेली ईसीसी रॅम ६४ बिटांमागे आणखी ८ बिट ठेवून एका बिटाची चूक दुरुस्त करते आणि दोन बिटांची ओळखते. ती प्रत्येक घरगुती संगणकात असावी काय? अनुकूल पक्षाचे प्रसिद्ध प्रवक्ते लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स असून, इंटेलने बाजाराचे विभाग पाडण्यासाठी ही सोय सामान्य प्रोसेसरांपासून दूर ठेवली, असा जाहीर आक्षेप त्यांनी २०२१ च्या आरंभी घेतला. त्या आक्षेपाला बळ देणारी गोष्ट म्हणजे २०१४ चे रोहॅमर संशोधन: एकाच ओळीवर वारंवार आघात केल्यास शेजारच्या ओळीतील बिट उलटतात, हे योंगू किम, ओनुर मुट्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या १२९ पैकी ११० स्टिकवर दाखवून दिले. प्रतिकूल पक्ष किमतीकडे, किंचित घटणाऱ्या वेगाकडे आणि घरगुती कामात एखादा उलटलेला बिट बहुधा निरुपद्रवी असण्याकडे बोट दाखवितो.

डीडीआर५ मध्ये प्रत्येक चिपच्या आत चूकदुरुस्तीची सोय आली आहे, म्हणून प्रश्न मिटला असे काही विक्रेते सांगतात. ते पूर्णतः खरे नाही. ती दुरुस्ती चिपच्या आतल्या चुकांपुरती असते, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या तारांवरील चुकांना तिचे संरक्षण नसते, आणि काय दुरुस्त केले हे ती सामान्य डेस्कटॉपला कळवीत नाही. जोडणी आणि वेग यांपासून उद्भवणारे दोष नेमके त्या तारांवरच प्रकट होतात, ही गोष्ट नव्या संगणकाच्या मालकाने विसरू नये.

८. निश्चित काय, अनिश्चित काय

एवढ्या विवेचनावरून कामाचा क्रम बराचसा निश्चित होतो. बायोस अद्ययावत करावा. रॅम मानक वेगावर ठेवून चाचणी घ्यावी. ती पार पडल्यावरच प्रोफाइल चालू करून पुन्हा चाचणी घ्यावी. आणि विंडोज चढवावयाचे ते त्यानंतर. कारण सदोष रॅमवर चढविलेल्या विंडोजच्या फायलीच बिघडलेल्या असू शकतात, आणि मग रॅम बदलूनही तक्रार कायम राहते. प्रोफाइलवरच चूक येत असेल, तर वेग एका पायरीने उतरविणे हा पराभव नव्हे. वापरात त्याने पडणारा फरक बहुतेक कामांत जाणवतही नाही.

अनिश्चित बाबी तीन उरतात. छापील वेग न मिळाल्यास उत्तरदायी कोण, रॅमचा निर्माता, प्रोसेसरचा की मदरबोर्डचा. निर्वेध चाचणी किती काळ चालली म्हणजे ती पुरेशी मानावी. आणि चूक कळविणारी रॅम ही सर्वांची गरज की काहींची चैन. तिन्ही प्रश्नांचा धागा एकच आहे. रॅमचा दोष हा एकट्या स्टिकचा गुणधर्म नसून स्टिक, कंट्रोलर, तारा, व्होल्टेज आणि वेग यांच्या संबंधाचा गुणधर्म आहे, आणि तो संबंध बिघडला आहे हे कळविण्याचे काम सामान्य डेस्कटॉप आज करीत नाही. ते काम यंत्राकडे येईपर्यंत पुराव्याचा भार ज्याने संगणक जोडला त्याच्यावरच राहील, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून तिची नोंद ठेवण्याइतका धीर हेच तोवर त्याचे मुख्य साधन होय.